थोरल्यांचं नाव गायब

तुम्ही म्हणता कम्प्युटरनं माणसं जवळ आली. मला मात्र विट्याचे दोन भाऊ आठवतात.

नव्वदीच्या शेवटी मी सांगलीत एका आर्किटेक्टकडं कामाला होतो. परगावी सोनं गाळून श्रीमंत झालेल्या या भावांना एकत्र राहायला एकच बंगला हवा होता, फाटकं मात्र दोन. मी तो कम्प्युटरवर उभा केला, दर्शनी भिंतीवर दोघांची नावं लावली आणि दोघांना समोर बसवून पडद्यावर कॅमेरा भोवती फिरवला. समोरून सगळं झकास. कॅमेरा धाकट्यांच्या फाटकाकडं वळला आणि थोरल्यांचं नाव गायब!

थोरले ताडकन उठले. "आवं, माझं नाव कुटं गेलं?"

"मशीन तापलंय," आमचे साहेब म्हणाले. त्यांना कम्प्युटरमधलं तेवढंच कळायचं.

"तापून माझंच बरं गेलं? ह्याचं कसं ऱ्हातंय?"

मी शोधलं. थोरल्यांची अक्षरं नेमकी भिंतीच्या पातळीत बसली होती. तिरकं बघितलं की पुढं अक्षर की भिंत, हे कम्प्युटरला ठरवता येत नव्हतं. धाकट्यांचं नाव चुकून बोटभर पुढं लागलं होतं, म्हणून वाचलं. मी थोरल्यांचं चांगलं दोन बोटं पुढं ओढलं. नाव कुठूनही दिसायला लागलं. थोरले खूश.

धाकटे पडद्याला नाक लावून बघत होते. "दादा दोन बोटं, आन् मी एकच व्हय?"

पुढच्या महिन्यात आमच्याकडं त्याच भावांच्या दोन वेगळ्या बंगल्यांचं काम आलं. साहेबांनी माझी पाठ थोपटली. म्हणाले, "अशी एखादी चूक अधूनमधून करत जा."