सातपर्यंत मोजायचं

गुरुजी: अजून डोळे उघडू नकोस, हर्षाली. मिटलेलेच ठेव. आता असं समज, उद्याचा रविवार उजाडलाय. मुलाखतीसाठी शाळेचं पटांगण भरलंय, पार पिंपळापर्यंत माणसं बसलीत. मधे दोन खुर्च्या, दोन्ही एकाच उंचीच्या. एकीत तू. दुसरीत कोण?

हर्षाली: नवनाथशेठ.

गुरुजी: कसे दिसतात?

हर्षाली: पांढरा शर्ट. खिशाला दोन पेनं. अन् घड्याळ लई मोठं.

गुरुजी: आणि तुझ्या समोर?

हर्षाली: पयल्या रांगेत बाया. मधी आजी. आजीच्या शेजारी एक खुर्ची मोकळी हाय.

गुरुजी: कुणाची ती?

हर्षाली: डोळे उघडू का आता?

गुरुजी: उघड.

हर्षाली: आई येत न्हाई, गुरुजी. काल फोन आला तिचा. मोठी ऑर्डर हाय म्हणून उद्या पण काम चालू ठेवलंय. पंधरा दिवसांनी एक रविवार घरी यायला मिळतो तिला, तो बी गेला. अन् गेला कुणाच्या कंपनीत? जे माझ्या समोर बसणार त्यांच्याच!

गुरुजी: हं. म्हणून कालपासून तोंड उतरलंय होय.

हर्षाली: तिनं मला एकदा बी ऐकलं न्हाई. आमदार आले तवा न्हाई, प्राचार्य मॅडम आल्या तवा न्हाई. सगळं गाव म्हणतं, इंद्रायणीची पोरगी काय बोलती! अन् इंद्रायणी तिकडं भाज्यांची पाकिटं भरती. मी विचारणारच हाय उद्या शेठला.

गुरुजी: विचार. पण आधी मला विचार. मी शेठ. थांब, जरा पोट पुढं काढून बसतो. हां. बोला मॅडम.

हर्षाली: हसवू नका ना. शेठ, माझ्या आईला रविवारची सुट्टी का देत न्हाई तुमी?

गुरुजी: अरेरे, असं झालं का? बाळ, उद्या ऑफिसला एक अर्ज दे. मी जातीनं लक्ष घालतो. पुढचा प्रश्न?

हर्षाली: एवढंच?

गुरुजी: एवढंच. टाळ्या, नारळ, फोटो, शेठ गाडीत. तू प्रश्न विचारलाच नाहीस, पोरी. तू अर्ज केलास. अर्जाला माणूस 'बघतो' म्हणतो आणि सुटतो. प्रश्न असा पाहिजे की तो कुणाच्या टेबलावर सरकवता येऊ नये. ज्याला विचारला त्यालाच उचलावा लागला पाहिजे.

हर्षाली: अन् आईनं तर शपथच घातलीय. म्हणली, माझं नाव काढायचं न्हाई. मागं एका बाईनं सुट्टीवरनं सुपरवायझरशी भांडण केलं, दुसऱ्या दिवशी तिला गेटावरनंच परत पाठवलं. आमचं काम गेलं तर खायचं काय?

गुरुजी: मग शपथ पाळायची. मुलाखत घेणाऱ्यानं आपल्या माणसाला संकटात टाकायचं नसतं.

हर्षाली: मग मी काय विचारू?

गुरुजी: ते मला ठाऊक नाही. पाहुणा तुम्ही मुलांनी निवडला, पत्र तुम्ही लिहिलं, खुर्च्या तुम्ही मांडणार, प्रश्नही तुमचेच. मी आपला सरावापुरता शेठ.

हर्षाली: वहीत वीस प्रश्न लिहिलेत मी.

गुरुजी: आमदारांच्या वेळी तुझ्या जोडीला बसलेल्या गोकुळनंही वीस लिहिले होते.

हर्षाली: बाई गं! आमदार म्हणाले, माझे वडील मी पाच वर्षांचा असताना वारले. अन् गोकुळनं मान खाली घालून वाचलं, 'तुमच्या वडिलांचं तुम्हाला अजून कसं मार्गदर्शन लाभतं?'

गुरुजी: हसू नकोस. तू मॅडमच्या वेळी काय केलंस?

हर्षाली: मी? मी काय केलं? त्या बोलता बोलता गप्प झाल्या, डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, मग मी पटकन पाण्याचा पेला पुढं केला.

गुरुजी: कशामुळं गप्प झाल्या होत्या?

हर्षाली: वसतिगृहातली मैत्रीण आठवली व्हती. शिक्षण सोडून गेलेली.

गुरुजी: आणि पाणी प्यायल्यावर?

हर्षाली: म्हणाल्या, 'असो. तर विद्यार्थी मित्रहो…'

गुरुजी: ती मैत्रीण पटांगणाच्या दारापर्यंत आली होती, हर्षाली. तू पाणी दिलंस आणि ती परत गेली.

हर्षाली: मला वाटलं, मदत करावी.

गुरुजी: मनानं चांगली आहेस म्हणूनच तसं झालं. आपल्या गावात कुणी गप्प बसलं की आपल्याला राहवतच नाही. पाणी दे, चहा दे, पाठीवर हात फिरव. आता एक गोष्ट सांगतो, ती वहीत लिहू नकोस. प्रश्न विचारला की मनात सातपर्यंत मोजायचं. सावकाश, पायरी चढल्यासारखं.

हर्षाली: सातच का?

गुरुजी: तीनपर्यंत माणूस पाठ केलेलं बोलतो. चाराला घड्याळ बघतो. पाचाला खोकतो. सहाला तुझ्याकडं बघतो, ही आता तरी पुढचा प्रश्न विचारेल म्हणून. तू तेव्हा विचारला नाहीस, तर सातानंतर जे बोलतो ते त्याचं स्वतःचं असतं.

हर्षाली: तुमाला कसं माहीत?

गुरुजी: माझा मुलगा तिकडं बंगळूरला आहे. मी फोन लावतो आणि मोजतो. सातव्या रिंगला उचलतो कधी कधी. पहिल्यांदा म्हणतो, सगळं ठीक आहे. मी परत मोजतो.

हर्षाली: मग?

गुरुजी: मग कधी कधी सांगतो. जा आता. आजी वाट बघत असेल. आणि ती खुर्ची काढू नकोस. मोकळी असली तरी असू दे.

(रविवार, सकाळ. शाळेचं पटांगण. मुलाखत अर्ध्यावर आली आहे. दोन खुर्च्यांच्या मधल्या स्टुलावर मोबाईल, रेकॉर्डिंग चालू. गुरुजी मागं, पिंपळाखाली.)

नवनाथशेठ: …तर यश म्हणजे काय? सातत्य. मेहनत. अन् वेळेचं नियोजन. मी चोवीस तास कामाचाच विचार करतो. आज माझ्याकडं तीनशे माणसं आहेत. पण कामगार म्हणत नाही मी त्यांना. कुटुंब म्हणतो. वाजवा, टाळ्या वाजवा, लाजू नका.

हर्षाली: शेठ, तुमचं कॉलेज पुण्याला झालं. तवा तुमी खोलीवर राहायचा. जेवणाचं काय करायचा?

नवनाथशेठ: हां! हा बरा विचारलास. कुणीच विचारत नाही हे. अगं, डबा यायचा. एसटीनं! आमची आई पहाटे भाकरी करायची, फडक्यात बांधायची अन् जुन्नरहून येणाऱ्या पहिल्या गाडीला द्यायची. कंडक्टर ठेवायचा सीटखाली. साडेअकराला शिवाजीनगरला उतरवायचा. स्टँडवर एक चहावाला होता, त्याच्याकडं माझा डबा असायचा. तीन वर्षं, राव! भाकरी, पिठलं, कधी मासवडी. आमच्या खोलीतली पोरं माझ्या आधी स्टँडवर हजर.

हर्षाली: डबा रोज यायचा.

नवनाथशेठ: रोज. कंडक्टर बदलले, डबा न्हाई चुकला.

हर्षाली: डब्याबरोबर तुमची आई कधी आली का?

नवनाथशेठ: आई? न्हाई, तिला कुठला वेळ… म्हणजे तेव्हा परिस्थितीच तशी होती. कष्ट, जिद्द…

हर्षाली: …

नवनाथशेठ: किती वाजले? बराच वेळ झाला का?

हर्षाली: …

एक बाई: अगं हर्षाली, पाणी दे की त्यांना!

हर्षाली: नको, मावशी. थांबा जरा.

नवनाथशेठ: आली होती. एकदा. मंगळवार होता. मी कॉलेजात, प्रॅक्टिकलला. दुपारी दोनला स्टँडवर गेलो तर चहावाला म्हणतो, आज कंडक्टरनं न्हाई, तुझ्या आईनंच आणला डबा. दीड तास बसली होती बाकड्यावर. एकच्या गाडीनं गेली.

हर्षाली: थांबल्या का न्हाईत? तुमी दोनला येणारच व्हता.

नवनाथशेठ: आमच्या गावाला जाणारी तीच शेवटची गाडी, चुकली असती तर मुक्काम पडला असता. दुसऱ्या दिवशी कांद्याच्या लागणीला जायचं होतं तिला. दुसऱ्याच्या वावरात. एक दिवस चुकवला की मुकादम पुढं बोलवायचा न्हाई.

हर्षाली: …

नवनाथशेठ: कुणीतरी तिला म्हणायला पाहिजे होतं. की सारजाबाई, राहा एक दिवस, पोराला बघून या.

हर्षाली: कुणी?

नवनाथशेठ: कुणी म्हणजे… ज्याच्या वावरात ती जायची, त्यानं.

हर्षाली: तो तसं का न्हाई म्हणला?

नवनाथशेठ: वाईट नव्हता गं तो माणूस. त्याला माहीतच नसणार. लागणीला चाळीस बाया. कुणाचं पोरगं कुठं आहे, हे त्याला कोण सांगणार? अन् बाया घाबरतात, त्या कशाला सांगतील?

हर्षाली: …

नवनाथशेठ: पुढचा प्रश्न विचार की, पोरी.

हर्षाली: …

नवनाथशेठ: आता तू का गप्प झालीस? कुणाची गं तू? तुझी आई आली असेल ना ऐकायला? उभी करा तिला, कौतुक करू दोघींचं.

हर्षाली: न्हाई आली. कामावर गेलीय.

नवनाथशेठ: आज? रविवारी? कुठं कामाला असते?

हर्षाली: शेठ… इथं प्रश्न आमी विचारतो.

एक बाई: आगं बया! पोरगी हाय का वकील!

नवनाथशेठ: हसू द्या, हसू द्या. बरोबर बोलली ती.

हर्षाली: शेवटचा प्रश्न विचारू का?

नवनाथशेठ: विचार.

हर्षाली: त्या मंगळवारचा डबा तुमी खाल्ला का?

नवनाथशेठ: …

हर्षाली: …

नवनाथशेठ: खाल्ला. पोरांना न्हाई दिला त्या दिवशी. त्याच बाकड्यावर बसून खाल्ला. सगळा संपवला अन् तरी उठलो न्हाई. पाचची गाडी आली जुन्नरची, ती बी बघितली. म्हटलं, उतरती का काय परत.

हर्षाली: तुमी आलात, खरं बोललात, आमी आभारी आहोत. मुलाखत संपली.

*

आई: हॅलो? हर्षे, बोल पटकन. जेवणाची सुट्टी संपत आली.

हर्षाली: आई, झाली मुलाखत. लई माणसं व्हती.

आई: माझं नाव न्हाई ना काढलंस?

हर्षाली: न्हाई.

आई: शपथ?

हर्षाली: तुझी शपथ. त्यांनी विचारलं, तरी न्हाई.

आई: त्यांनी विचारलं? काय विचारलं? अगं बाई, काय झालं?

हर्षाली: काय न्हाई झालं. तू जेवलीस का?

आई: जेवले. आजी आली व्हती का?

हर्षाली: पयल्या रांगेत. शेजारची खुर्ची मी मोकळी ठेवली व्हती. मुलाखत झाल्यावर सगळ्यांना चहा दिला. शेठ कप घेऊन तिथं आले, बसायला म्हणून. आजीनं खुर्चीवर हात ठेवला. म्हणली, बसू नका, जी येणार हाय तिची हाय ही.

आई: शेठला असं म्हणाल्या? मग?

हर्षाली: मग ते उभ्यानंच चहा पिले. लई वेळ उभे व्हते खुर्चीपाशी. गुरुजींनी दुसरी खुर्ची आणली, तरी नको म्हणाले.

आई: काही बोलले का?

हर्षाली: आजीला नमस्कार केला अन् गेले.

आई: बरं. बेल झाली बघ. चांगलं बोललीस ना? अडखळली न्हाईस ना? मला बघायचं व्हतं गं तुला.

हर्षाली: मला पण बघायचं व्हतं. तू बघतीयास ते. येशील का पुढच्या रविवारी?

आई: …

हर्षाली: …

आई: न्हाई सांगता येत, बाळा. मागायला तोंड न्हाई होत. पण ह्या बारीला मागून बघीन.

हर्षाली: मी रेकॉर्डिंग पाठवते आता. खोलीवर गेलीस की ऐक. अन् मधी मधी आवाज येत न्हाई त्यात. तिथं मोबाईल बिघडलाय असं समजू नको, पुढं ढकलू नको.

आई: मग काय हाय तिथं?

हर्षाली: तिथं मी मोजत व्हते. तू बी मोज. सातपर्यंत.