पाटीवरचे पन्नास

मी खाली सही करणार, वय ५२ वर्षे, धंदा मोटर रिवाइंडिंग, राहणार दुकानाच्याच वरची खोली, समक्ष विचारल्यावरून सांगतो की,

कागद कारखान्यातल्या पंपाची मोटर मी गेल्या महिन्यात रिवाइंड करून दिली. त्या पंपावर माझा थोरला भाऊ ऑपरेटर आहे. काल सकाळी दहा चाळीसला ती मोटर जळाली. दादा मेन स्विच पाडायला धावला, तेवढ्यात मोटरच्या वायरिंगच्या डब्यातून भडका उडाला. त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. दोन बोटं पुन्हा वळतील की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. आणि मॅनेजर म्हणतात, वाइंडिंग कच्चं होतं. कच्चं! बत्तीस वर्षं हेच करतोय मी.

मोटरवर पत्र्याची पाटी असते, तिच्यावर मोटर किती झेलेल ते लिहिलेलं असतं. मी मोटर दिल्यावर, तपासणीवाले येणार म्हणून कारखान्याने सगळी यंत्रं हिरवी रंगवली, पाट्यांसकट. धन्य आहे! आज मी थिनरने पुसून पाटी वाचली. १५ किलोवॅट, ४१५ व्होल्ट, २८ अँपिअर, ५० हर्ट्झ. लिहून घेणाऱ्या साहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं म्हणून पुन्हा सांगतो, करंट अठ्ठावीस. पन्नास हा करंट नव्हे. तो वीजपुरवठ्याचा आकडा, आपल्याकडच्या सगळ्या मोटरांवर तोच असतो.

बेअरिंग जाम होत होतं. मोटर जास्त करंट ओढायची आणि रिले तिला बंद पाडायचा, रिलेवर लावलेल्या आकड्याच्या वर करंट गेला की. रिलेचं कामच ते. बेअरिंग बदलायचं सोडून मॅनेजरनी मोठा रिले आणवला. रोग रेड्याला, औषध पखालीला. पाटीचा एक कोपरा खरवडला, पन्नास दिसले, दादाला म्हणाले, "पन्नासवर लाव." दादाने लावला; मग करंट अठ्ठावीसच्या वर गेला तरी रिलेने मोटर बंद पाडली नाही, ती जळाली.

पुढचं मला कोणी विचारलेलं नाही. लावण्याआधी दादाने मला फोन केला होता. "रिले कितीवर ठेवायचा रे? साहेब म्हणतात..." दुकानात दोन गिऱ्हाइकं डोक्यावर उभी होती. मी म्हणालो, "पाटीवर आहे तेवढ्यावर ठेव. डोकं खाऊ नकोस." आणि फोन ठेवला. मॅनेजरसाहेब काय म्हणतात ते मी ऐकून घेतलं नाही.

जबाब मला वाचून दाखवला, मी सांगितला तसाच उतरवला आहे. फोनचं केसला लागत नाही, खोडू का, असं लिहून घेणाऱ्या साहेबांनी विचारलं. खोडू नका म्हणालो.