मधली जागा

गाडी नावावर करून घ्यायच्या रांगेत माझ्या पुढे दोन म्हातारे सुतार उभे होते.

"ट्रक देऊन ही उघड्या टपाची, दोन सीटची गाडी घेतलीस? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"आहे."

"उद्यापासून दारं, फळ्या कशातून नेणार? मांडीवर घेऊन?"

"टेम्पो सांगेन भाड्याने."

"या वयात केस उडवत फिरणार! आहेत किती, ते तरी बघ आरशात."

"हस बाबा, हस."

"अरे, वहिनींना तरी विचारलंस का?"

"तिच्यासाठीच घेतली. ट्रकमध्ये पोरगा आमच्या दोघांच्या मध्ये बसायचा. तो गेला त्याला दोन वर्षं झाली, तरी ही आपली दाराला चिकटूनच बसते. मधे साधी पिशवी ठेवू देत नाही. म्हटलं, ती मधली जागाच नको."

"हे कधी बोलला नाहीस रे."

"काल आणून दारात उभी केली."

"मग? बसल्या का वहिनी?"

"बसली. तशीच, दाराला चिकटून. मी गिअर टाकायला गेलो, तर म्हणाली, 'हळू जरा, त्याच्या गुडघ्याला लागेल.'"