बिनधुराचा नवरदेव

हसू नका, आधी ऐकून घ्या. लग्नाच्या तोंडावर नातवानं खूळ काढलं. "आजा, माझ्या लग्नात धूर कमी झाला पाहिजे. मी तुझ्या बैलगाडीनंच मांडवात जाणार."

"एवढा धूर सलतो तर लग्नच करू नको," मी म्हणालो.

ऐकतो कुठं? माझे बैल शर्यतीचे, आरोळी ऐकली की सुटतात. आमच्या साऱ्या शेलार गावाला ठाऊक हाय, पण नवरीच्या गावाला कोण सांगणार?

नवरीच्या गावी, मानकोलीला, मांडव दिसला आणि तिथल्या पोरांनी आरोळी ठोकली, "नवरा आला!" झालं. बैल मांडव ओलांडून सुसाट, पार गावाबाहेरच्या मैदानापर्यंत. मागं नातू मुंडावळ्या धरून ओरडतोय, "आजा, मुहूर्त टळेल!"

कशीबशी गाडी वळवून मांडवात आणली, तर नवरीचा बाप माझा हातच सोडीना. "बरं झालं तुम्ही तरी आलात. तुमच्या वऱ्हाडाच्या साऱ्या मोटारी नाक्यावर अडकल्यात."

अक्षता वेळेवर पडल्या. माझा जीव भांड्यात पडला.

मोटारवाले थेट जेवणाला पोचले. नातवानं धुराची भरपाई म्हणून प्रत्येकाला लावायला एकेक रोप दिलं. त्याचा बाप, म्हणजे माझाच मुलगा, माझ्याकडं बोट दाखवून कुरकुरला, "आणि आप्पांना न्हाय?"

मी म्हणालो, "माझी गाडी धूर न्हाय, शेण टाकते. मैदानात पडलंय, तुझ्या रोपाला घेऊन जा."