सुकरामचं पोट आणि वरचा सूर

(गोंदिया, एप्रिल १९४१)

सन्माननीय अध्यक्ष दुलीचंदजी, मंचावर विराजमान मान्यवर, ज्यांना निरोप द्यायला आज कुणाचंच मन तयार नाही ते आपले डॉक्टर केवळराम रहांगडाले, समोर बसलेल्या माता-भगिनी आणि सज्जनहो,

मी शालीकराम. नवेगाव बांधच्या शाळेत मास्तर, आणि धान निघालं की गावच्या दंडारीच्या नाटकात पेटी वाजवणारा. अध्यक्षांनी मघाशीच माझ्या कानात सांगितलं, "मास्टरजी, थोडे में." थोडक्यात आटोपणारा मास्तर आपण कुणी पाहिला आहे काय? तरी प्रयत्न करतो. डॉक्टरसाहेबांचे गुण आधीच्या वक्त्यांनी सांगून झाले आहेत. मी फक्त एका पोटाची हकिकत सांगणार आहे.

ते पोट इथंच बसलं आहे. तो तांबड्या फेट्याचा सुकराम. धानाची शेती करतो आणि दंडारीत राजाचं सोंग घेतो. त्याचा वरचा सूर तळ्याच्या पलीकडच्या काठावर ऐकू जातो असं आम्ही म्हणतो. यात थोडी अतिशयोक्ती असेल, पण फार नाही.

काही वर्षांपूर्वी ऐन धानाच्या रोवणीत त्याचं पोट दुखू लागलं. घरच्यांनी शेकलं, हिंग लावला. गाडीबैलानं आणि मग आगगाडीनं इथं आणेपर्यंत आतली आतड्याची शेपटी फुटून पोटात पू झाला होता. डॉक्टरांनी पोट उघडलं आणि माणूस वाचवला. पण जखम चिघळली. त्यात सुकरामला विडीचा नाद, म्हणून खोकला. खोकला आला की टाक्यांवर ताण. शेवटी जखम वरून भरली आणि तो घरी आला.

दिवाळीच्या सुमाराला तालीम सुरू झाली. सुकरामनं पहिल्याच पदात सूर वर नेला आणि मध्येच थांबला. सदरा वर करून पाहतो तो जुन्या व्रणावर कवठाएवढा गोळा! आडवा झाला की गोळा आत जाई, गायला लागला की बाहेर येई. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हा अंतर्गळ. कातडी जुळली, पण खालची भिंत उसवली. त्यांनी कमरेला पट्टा दिला. पट्टा बांधून शेत होत होतं, पण गाता येत नव्हतं, कारण दमच भरता येईना. राजाचं सोंग आमच्यातल्याच हिरालालकडे गेलं. सुकराम तालमीला येईनासा झाला. आम्ही हाक मारली की म्हणे, "कायले येऊ? पाहाले?"

आता मी आपल्याला विचारतो, जीव वाचवल्यावर डॉक्टरचं काम संपतं की नाही? जगातले बरेच लोक संपतं म्हणतील. आमचे डॉक्टर एका रविवारी नवेगावला येऊन सुकरामच्या ओसरीवर बसले आणि म्हणाले, "गा."

"पट्टा सोडून?"

"सोडून. मला पाहायचं आहे."

सुकराम उभा राहिला. डॉक्टरांनी त्याच्या व्रणावर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. वैद्य नाडी पाहतो तसे ते सूर पाहत होते. पुन्हा गायला लावलं. खालचा सूर, वरचा सूर, लांब, तुटक. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "मी याला काय आजार आहे ते विचारलं. हा पोटानं काय काम करतो ते विचारलंच नाही."

सुकरामनं विचारलं, "डाक्टर, तुमचा धागा तुटला का जी?"

"नाही. धागा शाबूत असेल. पुवानं मांस भुसभुशीत झालं होतं, त्यातून धागा कापत गेला."

"मंग पुन्हा शिवसाल त पुन्हा कापंल."

"त्याच धाग्यानं शिवलं तर कापेल." डॉक्टर स्वतः धानवाल्याच्या घरचे. म्हणाले, "धानाच्या बांधीची पाळ फुटून पाणी जाऊ लागलं तर तू नुसती वरून माती लोटतोस का? आधी पोकळ माती काढतोस, घट्ट लागेपर्यंत खणतोस, मग भरतोस. तसंच करायचं. आणि धागा तुझ्याच मांडीतला घ्यायचा."

मांडीच्या बाहेरच्या अंगाला स्नायूंवर पांढरं, चिवट आवरण असतं म्हणे. त्याच्या पट्ट्या काढून त्यांनीच पोट शिवायचं, म्हणजे शरीर आपला धागा आपल्यात मुरवून घेतं. विलायतेकडचे काही सर्जन असं करतात, हे त्यांनी वाचलं होतं. स्वतः अद्याप केलं नव्हतं. तेही त्यांनी लपवलं नाही.

सुकरामची बायको धुरपताबाई दाराआड होती. ती बाहेर आली. "येक डाव वाचवलंत, तुमचे उपकार हायेत. आता चांगल्या माणसाले काऊन फाडून राहिले? गाणं नाही झालं त मानूस मरते का?"

सुकराम खाली पाहत होता. मग डॉक्टर म्हणाले, "बाई, नाही मरत. तुम्ही नको म्हणालात तर मी परत जाईन."

धुरपताबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तिनं विचारलं, "मांडीनं पोट शिवसाल, त मांडी कायनं शिवसाल?"

आम्ही हसलो. डॉक्टर हसले नाहीत. "वरची कातडी साध्या धाग्यानं. आत थोडी फट राहील, जोर दिला की मांडीला जरासा फुगवटा दिसेल. पण मांडीला गावं लागत नाही."

अशी संमती मिळाली. पण शस्त्रक्रिया लगेच नाही! आधी विडी बंद, खोकला पूर्ण थांबेपर्यंत थांबायचं. उठताना कुशीवर वळून हाताच्या आधारानं उठायचं. शिंक आलीच तर पोटाला उशी दाबायची. धुरपताबाईनं या गोष्टींचा असा पहारा ठेवला की सुकराम शिंकायलाही भिऊ लागला.

शस्त्रक्रियेच्या दिवशी मी आत होतो. सुकराम एकटा जाईना, म्हणून डॉक्टरांनी माझ्या तोंडाला फडकं बांधून मला त्याच्या उशाशी उभं केलं. गुंगी दिली नव्हती. सुई टोचून तेवढी जागा बधिर केली होती. पट्ट्या विणून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "सुकराम, आता खोक. टाके ताण घेतात का पाहू."

सुकराम कण्हला. "खोकू नोको, खोकू नोको म्हणून कान किटवले. आता खोकलाच नाही येऊन राहिला जी!"

"मग गा."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी फडक्याआडून हळूच षड्ज दिला. आणि सज्जनहो, त्या पांढऱ्या खोलीत, पोट उघडं असताना, तो माणूस गायला. आवाज बारीक होता, थरथरत होता. डॉक्टर वाकून पाहत होते. "आणखी वर. आणखी... थांब." खालच्या टोकाला एका जागी पट्टी सैल पडत होती. खोकल्यात ती दिसली असती की नाही, देव जाणे. तिथं त्यांनी आणखी टाके घातले, पुन्हा गायला लावलं आणि मगच कातडी मिटवली.

वर्षभर गाणं नाही, ओझं नाही. पुढच्या मंडईच्या जत्रेत सुकराम राजा होऊन उभा राहिला. डॉक्टर पुढं बसले होते, बायकांत धुरपताबाई होती. सूर वर चढला. सगळी मंडळी त्याच्या तोंडाकडे पाहत होती. दोनच माणसं पोटाकडे पाहत होती. सूर उतरला तेव्हा धुरपताबाईनं पदर तोंडाशी धरला, आणि डॉक्टरांनी कधी नव्हे ती शिट्टी मारली!

तेव्हापासून डॉक्टर प्रत्येकाला आधी विचारतात, "काम काय करता? पोती उचलता? विडी किती?" लोकांना वाटतं, गप्पा मारतात. सगळेच मात्र बरे झाले असं नाही. फुलचूरच्या एका बाईचं पोट अशाच दुरुस्तीनंतर पुन्हा उसवलं. डॉक्टर स्वतः तिच्या घरी गेले आणि म्हणाले, "का उसवलं ते मला कळलेलं नाही. कळेपर्यंत मी येत राहीन." ते येत राहिले.

आता हे बालाघाटला चालले. काल मी विचारलं, "आपल्याला भेट काय द्यावी?" शाल, चांदीचा पेला, सगळ्याला नाही म्हणाले. म्हणाले, "मास्तर, एक घोषणा करा." ती त्यांच्याच शब्दांत करून मी खाली बसतो.

मी ज्यांची पोटं शिवली त्या पुरुषांनी चहाआधी मंचामागच्या खोलीत यावं. बायकांसाठी शेजारची खोली आहे, तिथं नर्स प्रेमिलाबाई आहेत. जाण्याआधी मला सगळे टाके एकदा पाहायचे आहेत. ज्यांचे उसवले असतील त्यांनी लाजू नये, त्यांनी सर्वांत आधी यावं.

अरे, सुकराम उठलाच! आणि त्याच्या मागं... बरेच जण आहेत की. अध्यक्षमहाराज, सभेचा क्रम मोडला, पण तो आता माझ्या हातात नाही. आपण मला इतका वेळ ऐकून घेतलंत, आपले उपकार. बोलण्यात उणं-अधिक गेलं असेल ते पेटीवाल्याचा चुकलेला सूर समजून पोटात घाला.