दुधाची वेळ

मालोजी : एवढंच सांग, त्या गोऱ्या सायबाच्या पोराला अंगावर पाजलंस का न्हाई?

दुर्गा : पाजलं. भुकेलं व्हतं.

मालोजी : भुकेलं व्हतं म्हनं. अगं, बंगल्यावर तुला धुन्याला ठेवली व्हती. फोरमननं समद्या खात्याम्होरं मला हाक मारून इचारलं, तुझी बायको इंजनेर सायबाच्या पोराची आई कधीपास्नं झाली? लोकं फिदीफिदी हसली. मान वर करायला जागा ठेवली न्हाईस.

दुर्गा : हसनाऱ्यांना त्यांच्या आयांनी काय दगूड चोखायला दिला व्हता?

कोंडाबाई : मालू, हळू बोल. आत्ताच पाळन्यात टाकलंय तुझ्या पोराला.

मालोजी : आये, तू मधी पडू नगंस. त्यांच्यात शिस्त हाय. चार चार तासांनी पाजत्यात, त्याच्या आधी थेंब न्हाई. डागदराच्या पुस्तकात तसं लिवलंय.

दुर्गा : कंपनीनं तुमास्नी भोंग्यावर जेवायला शिकवलं, आता तान्ह्या पोरानं बी शिकायचं व्हय? येगळी खोली, दार लावल्यालं, आन् आत पोर रडून रडून काळंनिळं. मडम कुठं व्हती ठावं हाय? दाराभाईर. कडीवर हात ठिवून उभी, आन् ती बी रडत व्हती. पोलकं भिजलं व्हतं तिचं. मी हातानं खुनवलं, घ्या की त्याला. तर मनगटावरचं घड्याळ दाखवती. मग मीच दार ढकललं.

कोंडाबाई : मला हिवताप आला तवा ह्या मालूला शेजारच्या मदिनानं पाजलाय. तिनं कुनाला इचारलं न्हाई.

मालोजी : ते आपल्या आळीत, आये. बंगल्यात इचारल्याबिगर कपाला बी कुनी हात लावत न्हाई. परक्या बाईचं दूध म्हंजी त्यांना रोगराईचं भ्या वाटतं. त्यांचं पोर हाय, वाटनारच.

दुर्गा : मी धुतलेल्या चादरीवर झोपत्यात, तवा न्हाई वाटत भ्या?

मालोजी : त्वांड बंद कर. सकाळी बंगल्यावर जायाचं आन् चुकलं म्हनायचं. न्हाईतर माजं काम गेलं. शेत तर कंपनीच्या कुंपनात गेलंय. जोंधळा काय तुझ्या कपाळावर पेरू?

दुर्गा : चुकलं आसतं तर म्हनले आसते.

मालोजी : तुझ्या ताठ्यापायी घर उपाशी मरंल.

(पाळण्यातलं पोर जागं होऊन रडू लागतं.)

मालोजी : घे त्याला.

दुर्गा : न्हाई.

मालोजी : रडतंय ते.

दुर्गा : रडू द्या. मगाशी पाजलंय. भोंगा व्हायचाय अजून.

मालोजी : दुर्गे, माजं डोकं फिरवू नगंस.

कोंडाबाई : जीव हाय गं तो, सूनबाई. हो बाजूला, मी घेते.

दुर्गा : बसा, आत्याबाई. आज कुनी उठायचं न्हाई. शिस्त लागंल त्याला.

मालोजी : कसाईन हायेस का? उचकी लागली त्याला. बघवतंय तरी कसं तुला?

दुर्गा : न्हाई बघवत. चोळी भिजली माजी. तरी बसलीया. तुमी किती येळ बसताय, ते बघायचंय मला.

मालोजी : सर बाजूला. ये रं बाळा, ये. बघ कसा घामानं थबथबलाय. आये, फडकं दे. घे गं ह्याला, पाज आधी.

दुर्गा : द्या.

कोंडाबाई : गप झाला बघ लगीच. आन् उद्याचं काय करायचं, मालू?

मालोजी : जायाचं. काम सोडून भागायचं न्हाई, आये. मी जातो हिच्यासंगं. चुकलं म्हनून मीच सांगीन, हिनं म्हनायची गरज न्हाई.

दुर्गा : आन् आपन गेल्यावर ते सायबाचं पोर आत रडत आसलं तर?

मालोजी : तर तू आधी आत जा. चुकलं ते मी मागनं म्हनीन.