रोवनचं वय

बार्न्सलीच्या थिएटरात नाताळचं बालसंगीतनाट्य होतं. वाढदिवस असलेल्या मुलांची नावं रंगमंचावरून वाचतात आणि सगळे प्रेक्षक त्यांच्यासाठी वाढदिवसाचं गाणं गातात. त्यासाठी दारावरच्या म्हाताऱ्याकडे चिठ्ठी द्यायची. रांगेत माझ्यापुढे एक बाई मुलीचा हात धरून उभी होती.

“रोवन, वय सात. अहो बाई, तीन वर्षं सातच लिहिताय! नऊ करू ना?”

“नको. सातच राहू द्या.”

“वय कमी वाचलं की पोरं चिडतात हो.”

“तो नाही चिडायचा.”

“आहे कुठे स्वारी? आत पळाली वाटतं?”

“तो आता नाही.”

“... माफ करा, बाई.”

“पण नाव वाचाल ना? सगळं थिएटर त्याच्यासाठी गातं.”

“मोठ्यांदा वाचायला सांगतो. ही त्याची ताई का?”

“नाही, मी धाकटी. पण यंदा मला आठ पूर्ण झाली.”